जित्या माणसाच्या दारावर

अक्का, एवढी माणसं कशाला जमवून ठेवली होतीस ग? सकाळी ओटा झाडायला बाहेर आले तर आधीच बायका येऊन बसलेल्या. मी झाडू हातात धरून उभी आणि त्या डोक्यावरून पदर ओढून, माना खाली घालून गप्प. कुणी नशिराबादहून आलेली, कुणी एरंडोलहून. एक म्हातारी तर चोपड्याकडच्या कुठल्याशा खेड्यातून एस.टी.नं धक्के खात आली. तिला विचारलं, "तुम्ही अक्कांच्या कोण?" तर म्हणे, "कोनी नही व माय. एकदाव त्या मन्हा दारवर बसेल व्हत्यात." एवढं बोलून ती जी बसली, ती दुपारची एस.टी. सुटायच्या वेळेपर्यंत हलली नाही. मला अंघोळ करायची होती, पण हिच्यासमोरून बादली घेऊन जायचं कसं?

जळगावातल्या माझ्या पुण्याकडच्या शेजारणीला हे 'दारावर येणं' समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ यायचे. तिला वाटायचं, भेटायला येतात. अहो, भेटायला नाही, बसायला येतात. घरात माणूस गेलं की सगेसोयरे, गाववाले दारावर येऊन बसतात. चहापाणी नाही, या-बसा नाही, निघताना 'येते' असंही म्हणायचं नाही. नुसतं बसायचं आणि उठून जायचं. ती म्हणायची, मग उपयोग काय त्याचा? तिला उत्तर देता येईना म्हणून मी विषय बदलत असे. उत्तर तुला ठाऊक होतं, पण तू काही धरणगाव सोडून जळगावला यायला तयार नव्हतीस.

मी तुझी पाठची बहीण, तुझी सरू. आईमागे तूच मला न्हाऊमाखू घातलंस, आणि तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. तू गेलीस म्हणून भांडण संपलं असं समजू नकोस. तुझा दहावा अजून व्हायचा आहे, तुझ्या पुतण्याची भटजींकडे ये-जा चालू आहे, आणि मी माजघरात बसून तुझ्याशी वाद घालते आहे. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि नेमकी तीच सांगायला तू नाहीस. तू इतकी वर्षं लोकांच्या दारावर बसलीस. तुझ्याजवळ कुणी बसलं का? शेवटी तरी कुणाला बसू दिलंस का? की ते सगळं दुखणं पोटात तसंच घेऊन गेलीस? रोज सकाळी उठले की आधी हेच मनात येतं, आणि मग तुझा राग येतो.

दाजींपासून सुरू झालं हे सगळं. ते तू कधी कबूल केलं नाहीस, पण मी काय आंधळी आहे? काय बोलका माणूस होता! कापसाच्या जिनात गाठी मोजायचं काम, अंगभर कापसाचे तंतू, आणि घरी आले की ओट्यावरून गल्लीभर गप्पा. माझ्या लग्नात त्यांनी वरमाईला असं काही हसवलं की ती रुसायचंच विसरली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी ते हळूहळू गप्प होत गेले. आधी ओट्यावर बसणं सुटलं, मग जेवण, मग कामावर जाणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गावानं काय काय नाही म्हटलं! कुणी म्हणालं साहेबी चढली, कुणी म्हणालं आळस, कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. भगत झाला, अंगारे झाले, वैद्याचे काढे झाले. पण ज्या ओट्यावर रोज चारचौघांचा अड्डा असायचा, तिथं कुत्रं फिरकेना. माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची, जणू आत देवी आल्या आहेत.

मग ती विहीर. पाय घसरला, असं गावानं ठरवलं. तूही तेच म्हणालीस, मीही तेच म्हणाले. आणि त्या दिवशी, अक्का, दारावर बसायला माणसं मावेनात. ओटा भरला, गल्ली भरली, पलीकडच्या पिंजाऱ्याच्या ओट्यावरसुद्धा माणसं. बायका कोपऱ्यापासूनच हेल काढून रडत येत होत्या. तू मात्र कोरडी. तुझ्या शेजारी मी बसले होते. तू मान वर केलीस, सगळ्यांवरून नजर फिरवलीस आणि मला हळूच विचारलंस, "इतला मानसे व्हतात गावमा?"

मी तुझा हात धरला, तोही तू काढून घेतलास.

पुढं तू जे सुरू केलंस त्याला आधी मी वेडेपणाच म्हटलं. पलीकडच्या रहिमतबीचा मुलगा कराचीला निघून गेला. काही सांगून नाही, विचारून नाही. रहिमतबी अंथरुणाला खिळली. नवरा बिचारा धनुकलीवर कापूस पिंजत बसायचा आणि मधूनच थांबून दाराकडे बघायचा. तू एक दिवस पांढरं लुगडं नेसून, पदर पुढं ओढून, वाती वळायला कापूस घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसलीस. थेट मयताच्या घरी बसतात तशी. रहिमतबी आतून उठून आली, केस मोकळे, डोळे लाल. ओरडलीच तुझ्यावर. "मेरा बच्चा मरा नहीं है! तू ऐसी क्यूँ बैठी मेरे दरवाजे पे?"

तू म्हणालीस, "माले माहीत शे. तो जिता शे. पन तू आठे एकली शे ना व."

मी त्या वेळी तुझ्याकडे चार दिवस राहायला आले होते. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. मला इतकी लाज वाटली! शेजारधर्म म्हणून भाजी न्यावी, दोन शब्द धीराचे बोलावेत; हे काय भलतंच? पण रहिमतबी तुझ्याकडे पाहत राहिली आणि मग उंबऱ्यातच खाली बसली. तू तिला काही विचारलं नाहीस. वाती वळत राहिलीस. दुसऱ्या दिवशी परत गेलीस. तिसऱ्या दिवशी रहिमतबीनं तुझ्या हातातला कापूस ओढून घेतला, म्हणाली, हा कचरा आहे, पिंजलेला घे. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली. मी तुला विचारलं, "तू तिला सांगितलंस तरी काय?" तू म्हणालीस, काही नाही. मी म्हणाले, मग जादू केलीस की काय? तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मीच वेडी.

तुझं हे गप्प बसणं मला कधी सहन झालं नाही. माझा स्वभाव वेगळा. कुणी रडत असेल तर मी दहा उपाय सुचवीन, त्यातला एखादा लागू पडेलच. तू एकही सुचवायची नाहीस. तासन्‌तास बसायचीस. मी म्हणायचे, अग निदान 'होईल सगळं ठीक' एवढं तरी म्हण. तू म्हणायचीस, "ते माले कोठे माहीत शे?"

आणि मग इंदू. इंदूच्या वेळी तर तू कहर केलास. सावद्याकडची पोर, गोदाकाकूंची सून, तुझ्या दारापासून चौथं घर. पहिलंच मूल, आणि ते जन्मतःच गेलं. त्यानंतर इंदू बोलेना. पाण्याच्या माठांजवळ अंधाऱ्या कोपऱ्यात बसायची, केसांच्या जटा झालेल्या, कुणी हात लावला तर अंग चोरायची. गोदाकाकूंनी भगत आणला, मिरच्यांची धुरी दिली. पोर खोकून खोकून निळी पडली. शेवटी ठरलं की सावद्याच्या भावाला बोलवायचं आणि हिला माहेरी पोचवायचं. पोचवायचं म्हणजे टाकायचं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येकजण आपापल्या घरात बसून हळहळत होता.

तू त्यांच्या दारावर जाऊन बसलीस. भरल्या घराच्या दारावर, सणासुदीचे दिवस, पांढरं लुगडं, पुढं ओढलेला पदर. गोदाकाकूंचा आवाज पार बाजारापर्यंत गेला असेल. "कोन मरनं व आम्हना घरमा? तू दारवर कशी उनी?"

"कोनी मरनं नही," तू म्हणालीस. "म्हनीसनच उनू." म्हणूनच आलीस म्हणे!

त्यांनी तुझ्या अंगावर पाणी फेकलं. हे तू मला सांगितलं नाहीस, रहिमतबीनं सांगितलं. तू ओल्या लुगड्यानं तशीच बसून राहिलीस. अपशकुनी म्हणून तुला काय काय नावं ठेवली लोकांनी! तिकडे जळगावात आमच्या घरी बातमी पोचली, तीही मीठमसाला लावून. हे म्हणाले, तुझ्या बहिणीला सांभाळ, ती दुसऱ्यांना बरं करता करता स्वतःच... पुढचं वाक्य त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून गिळलं. मी तशीच उठले आणि धरणगावची गाडी पकडली.

आले तर काय पाहिलं? तू ओट्यावर, तुझ्याशेजारी रहिमतबी, तिच्याशेजारी आणखी दोन बायका. आणि कहर म्हणजे माझ्यादेखत तू इंदूच्या दारातून उठून आत गोदाकाकूंच्या जवळ जाऊन बसलीस! मी तुला बाहेर ओढून विचारलं, "अग, छळतात त्या, आणि तू त्यांच्याच जवळ बसतेस? कुणाच्या बाजूची आहेस तू?"

"तिन्हा बी नातू गया ना," तू म्हणालीस.

मला ते पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. धुरी देणाऱ्या बाईला दोन शब्द सुनावायलाच हवे होते. तू नाही सुनावलेस, मी सुनावले, आणि त्यावरून आपलं त्या दिवशी जे वाजलं ते तुला आठवत असेल. तरी एक सांगते. गोदाकाकू तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, स्वतःच्या गेलेल्या लेकरांची नावं घेऊन रडल्या, ती नावं त्यांच्या सुनेनंही कधी ऐकली नव्हती. इंदू माठांजवळून मान वळवून बघत होती. सावद्याहून भाऊ आला, तेव्हा गोदाकाकू इंदूच्या डोक्यात तेल घालून एकेक जट सोडवत होत्या. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं.

इंदू बोलली ते उन्हाळ्यात. तुझ्या अंगणात गल्लीच्या बायका वर्षाचे बिबडे-पापड घालायला जमल्या होत्या. ज्वारीचा चीक रटरटत होता, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. तू इंदूला आणून एका खाटेपाशी बसवलंस आणि हातात पळी दिलीस. तिचे बिबडे काही गोल होईनात. ती चिकाच्या पातेल्यात बघत राहिली आणि म्हणाली, "पानी जास्ती व्हई गयं." एवढंच. सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. तू मात्र न बघता म्हणालीस, "मंग पीठ टाक ना व." जणू ती रोजच बोलत होती. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी धुराला नावं ठेवत बसले.

इतकं सगळं करायचीस ना तू? मग स्वतःचं काय? इथंच आपलं भांडण होतं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस.

तुझेही दिवस यायचे. मला माहीत होते ते. आठ-आठ दिवस भाकरी टाकायची नाहीस. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाला बुरशी लागलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. झोप नाही, डोळ्यांखाली काळं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "जरासं डोकं दुखस." मी म्हणायचे, "लोकांचं ते दुखणं आणि तुझी ती डोकेदुखी?" तू हसायचीस आणि कुणाच्या तरी दारावर निघून जायचीस. तुझ्याजवळ कुणी बसायला आलं तर त्यालाच काहीतरी खाऊ घालायचीस, त्याचीच विचारपूस करायचीस, आणि तो बिचारा स्वतःचं रडगाणं गाऊन, पोट भरून घरी जायचा. मी सुद्धा तशीच जायचे. एस.टी.त बसल्यावर लक्षात यायचं की बाईनं परत गंडवलं.

म्हणून मी तुला धुळ्याला नेलं. ह्यांच्या कचेरीत कुणीतरी सांगितलं की तिथं एक डॉक्टर मज्जातंतूंचं बघतो, झोप न येणाऱ्यांना, उगाच घाबरणाऱ्यांना औषध देतो, आणि मुख्य म्हणजे माणसाचं ऐकून घेतो. तुला तयार करायला मला आपल्या आईची शपथ घालावी लागली. आपण पोचलो. व्हरांड्यात गर्दी. तू एका बाकावर टेकलीस, मी कंपाउंडरकडे तुझं नाव लावून आले. एवढ्या वेळात तू शेजारच्या बाईची सगळी कथा ऐकून घेतली होतीस. तिची मुलगी थरथरत होती, पदराचं टोक चावत होती. तू तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसलीस. तुझं नाव पुकारलं. मी वळून बघते तो तू त्या मुलीला उठवून आत पाठवतेस!

"तिले जास्ती गरज शे," म्हणालीस.

पुढचा नंबर तू आणखी एका म्हाताऱ्याला दिलास. मग डॉक्टरांची जेवायची वेळ झाली आणि तू म्हणालीस की शेवटची गाडी चुकेल. अक्का, त्या दिवशी मी तुला धुळ्याच्या स्टँडवर, भर लोकांत, जे बोलले ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं आणि त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही. पारोळ्याला गाडी पाणी घ्यायला थांबली तोवर मी बोलतच होते. शेवटी तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मी एकदाव बसनू तं माले उठाडी कोन?"

"मी उठवीन!" मी ओरडले. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

तू माझ्या गालावरून हात फिरवलास, लहानपणी फिरवायचीस तसा. आणि कंडक्टरला विचारलंस की त्याचा चेहरा एवढा उतरलेला का आहे.

त्यानंतर मी तो विषय काढला की तू उठून चुलीपाशी जायचीस. मला तुला फार साधं काहीतरी सांगायचं होतं. तुलाही रडायला जागा हवी. दुसऱ्याचं दार आणि आपलं दार असा भेद तू माणसामाणसांत कधी केला नाहीस, मग स्वतःपुरताच का केलास? ज्या मायेनं तू रहिमतबीकडे बघायचीस, गोदाकाकूंकडेसुद्धा बघायचीस, त्यातली चिमूटभर धरणगावच्या त्या एका विधवेला दिली असतीस तर तिचं काय बिघडलं असतं? मी हे असं नीट कधी बोलू शकले नाही. माझ्या तोंडून ते नेहमी रागानंच निघायचं, आणि तू राग ऐकून घ्यायचीस, शब्द सोडून द्यायचीस.

या थंडीत तुझा खोकला बरा होईना, छातीत कळ यायला लागली. निरोप मिळाला तशी मी आले. तू अंथरुणावर, आणि दारात बायका. तू सगळ्यांना घालवत होतीस. "माले काय धाड भरनी शे? वात शे. जा घर, रांधा." मला म्हणालीस, संक्रांत तोंडावर आली आहे, पोरं वाट बघतील, जा. मी नाही म्हटलं. तू जेवायचंच सोडलंस, म्हणालीस, तू गेल्याशिवाय घास घेणार नाही. असली हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही. पुतण्याची बायको म्हणाली, जा तुम्ही, आम्ही आहोत. मी तुझ्या उशाशी तिळगूळ ठेवला आणि गेले. जळगावात दिवा लावते न लावते तो माणूस निरोप घेऊन दारात उभा.

पुतण्याच्या बायकोला विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? ती म्हणाली, मी स्वयंपाकात होते, इंदू होती बहुतेक. तुझा पुतण्या म्हणाला, शांत गेल्या. शांत गेल्या म्हणे! तू जन्मभर शांतच होतीस, त्यात नवीन काय?

आज दुपारी चोपड्याकडची ती म्हातारी गेल्यावर ओट्यावर इंदू आणि रहिमतबी दोघीच उरल्या. इंदू, आता एका लेकीची आई, तू गेल्यापासून रोज येते. पाणी भरते, भांडी घासते, बोलत नाही. तिला बघून खरं तर माझा जीव चिडचिडत होता. मला वाटत होतं, हिच्यासाठी तू पाण्यानं भिजलीस, हिच्यासारख्यांनीच तुला संपवलं. रहिमतबीला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ती म्हणाली, "सरूबाई, अक्कानं सगळ्यांना हाकललं त्या दिवशी. मलाबी. ही गई नहीं."

मी इंदूकडे वळले. "तुला जा म्हणाली नाही ती?"

"म्हनन्यात ना," इंदू म्हणाली. खाली बघतच बोलत होती. "खूप चिडन्यात. तोंडबी फिरायी लिधं. मी बसनू. मन्हा दारवरथीन त्या गयात का कधी?"

"मग?"

"मंग रडन्यात."

अक्का, तू रडलीस? दाजींच्या वेळी नाही, आईच्या वेळी नाही. मी इंदूचा दंडच धरला. काय बोलली? काय म्हणाली? दाजींचं काही बोलली का? विहिरीचं?

"घरधनीनं नाव लिसन रडन्यात. मोठ्यानं," ती म्हणाली. "मंग बोलन्यात, लई येळ. मन्हा हात धरेल व्हता."

"अग पण काय बोलली?"

"ते मी सांगाव नही, मावशी."

सख्ख्या बहिणीला सांगाव नही! मी तिला रागावले, विनवलं, पुन्हा रागावले. पोर हलली नाही. तिचे डोळे भरून आले, पण ओठ घट्ट. माझा नुसता जळफळाट झाला, अक्का. इतकी वर्षं मी तुझ्यामागे लागले. शपथा घातल्या, धुळ्याला नेलं, भर स्टँडवर ओरडले. आणि तू तुझं मन उघडलंस ते कुणाकडे, तर चौथ्या घरातल्या सुनेकडे! मी दहा उपाय सुचवत राहिले आणि ही नुसती बसून राहिली. दाजींचं नाव तू घेतलंस. आपल्या बायका नवऱ्याचं नाव कुठे घेतात? ते ऐकायला मी हवी होते. मला तुझा हेवा वाटतो आहे की तिचा, तेही कळत नाही.

आणि तरी. तरी गेले इतके दिवस छातीवर जो धोंडा होता तो हलला ग. तू एकटी नव्हतीस. कुणीतरी तुझं ऐकलं, तुझा हात धरला, आणि तू तो काढून घेतला नाहीस. माझा नव्हता तो हात, नसू दे. इंदूचे मी पाय धरायला हवेत, आणि मी तिच्यावर खेकसले.

रहिमतबी उठून घरी गेली. उन्हं गल्लीतून निघून भिंतीवर चढली. मी इंदूला म्हटलं, जा आता, घरी तुझी लेक भुकेली असेल, गोदाकाकू वाट बघत असतील. माझं काय, मी ठीक आहे, उद्याच्या भटजींच्या शिध्याचं बघायचं आहे, डाळ निवडायची आहे. ती उठेना. मी सूप आणायला आत गेले, सूप घेऊन बाहेर आले, ती तिथंच. मी डाळ निवडायला लागले, पण डाळ दिसेना.

"इंदू," मी म्हटलं, "माले बी जरा रडी लेऊ दे."

तिनं सूप माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. "रड ना व मावशी," ती म्हणाली. "मी कोठे जाई ऱ्हायनू?"